रोज फिगर काढूनही हात पुढे सरकत नाही: आपल्या चुका आपणच कशा पकडायच्या

प्रश्न थोडक्यात असा: गेले आठ-नऊ महिने रोज तासभर फिगर ड्रॉइंग, म्हणजे माणसांची रेखाटनं, चालू आहे. मोबाइलवर पोझचे फोटो लावायचे, टायमर सुरू करायचा आणि काढत सुटायचं. सहा वह्या भरल्या. पण पहिली आणि सहावी वही शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. दोन्हींतल्या फिगर ताठ, दोन्हींत डोकी मोठी. शिक्षक नाही, क्लास नाही. मग आपलं काम आपणच तपासायचं कसं?

वह्या भरल्याने हाताची भीड चेपते आणि रेषेला वेग येतो. हा फायदा खरा आहे, पण तो पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पदरात पडतो. पुढे तीच चूक रोज वीसदा गिरवली जाते आणि चूकच पक्की होते. तुमच्या तासात काढणं आहे, तपासणं नाही. आणि तपासून झाल्यावर तीच पोझ पुन्हा काढणं तर मुळीच नाही. हात सुधारतो तो या दुसऱ्यांदा काढण्यात. एरवी चूक कळते, हळहळ वाटते आणि आपण पान उलटतो.

म्हणून आधी तासाची वाटणी बदला. पहिली १० मिनिटं एकेका मिनिटाच्या दहा पोझ. यात फक्त शरीराचा झोक आणि वजन कुठे आहे एवढंच टिपायचं. चेहरा नको, बोटं नकोत. मग पाच-पाच मिनिटांच्या तीन पोझ. त्यांतली एक निवडा, शक्यतो जी सगळ्यात फसली ती, आणि १० मिनिटं तिच्यावर मोजपट्टी व लाल पेन घेऊन बसा. त्यानंतर नव्या कागदावर तीच पोझ १५ मिनिटं. शेवटी फोटो बंद करून तीच पोझ पाच मिनिटांत आठवणीने काढा आणि उरलेल्या पाच मिनिटांत दोन ओळींची नोंद करा. तासाभरात कागद कमी भरतील. त्याची चुटपुट लागते, पण पहिल्या पंधरवड्यातच दुसऱ्यांदा काढलेल्या फिगरमध्ये फरक दिसू लागतो.

तपासणीकडे वळण्याआधी बसण्याची पद्धत बघा, कारण मोठं डोकं आणि आखूड पाय यांचं निम्मं मूळ तिथेच असतं. वही टेबलावर आडवी ठेवून काढलं की कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि आहे त्यापेक्षा आखूड दिसतो. आपण नजरेला बरोबर वाटेपर्यंत काढतो, म्हणजे प्रत्यक्षात तो भाग मोठा काढतो. मग कागद उभा धरला की डोकं आणि खांदे फुगलेले आणि खाली पाय चिमुकले. उपाय साधा आहे: ड्रॉइंग बोर्ड मांडीवर टेकवून समोरच्या खुर्चीच्या पाठीला तिरका लावा किंवा ईझल घ्या. नजर कागदावर शक्य तितकी सरळ पडली पाहिजे, आणि मॉडेल किंवा स्क्रीन बोर्डाच्या कडेला अशी असावी की मान न वळवता नुसता डोळा फिरवून दोन्ही दिसतील. मान वळवावी लागली की त्या अर्ध्या सेकंदात पाहिलेला कोन निसटतो.

कागद ए३ घ्या. न्यूजप्रिंट सरावाला पुरे, लांब पोझला जाडसर कार्ट्रिज कागद. फिगर किमान २५ सेंटीमीटर उंच. वहीत दहा सेंटीमीटरची फिगर काढली तर डोकं सव्वा सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त होतं आणि त्यात दोन मिलिमीटरची चूक नजरेला जाणवतही नाही. मोठ्या कागदावर तीच चूक लपत नाही. शिवाय मोठी फिगर मनगटातून काढता येत नाही, हात खांद्यातून फिरवावाच लागतो आणि केसाळ, तुटक रेषा आपोआप कमी होतात. पेन्सिल ४बी किंवा ६बी, ब्लेडने तासून शिसं दोनेक सेंटीमीटर उघडं ठेवलेलं, आणि पकड लिहिताना धरतो तशी नको; पेन्सिल तळहाताखाली आडवी धरा. झटपट पोझना खोडरबर हाताशी ठेवूच नका. चुकलेल्या रेषेशेजारी बरोबर रेष काढलेली बरी, दोन्ही दिसल्या की चूक किती होती तेही कळतं.

तपासणी वरून खाली, मोठ्याकडून बारीककडे

बहुतेक जण तपासायला लागले की आधी चेहरा आणि हात बघतात. क्रम उलटा हवा. कमरेचा तिरका, म्हणजे कल, चुकला असेल तर हात कितीही सुंदर काढला तरी तो चुकीच्या जागी लटकतो.

पहिली गोष्ट, चित्र भिंतीला टेकवून आठ-दहा फूट मागे जा आणि डोळे बारीक करा. तपशील विरघळतात, उरतो तो नुसता आकार. या अंतरावरून माणूस उभा वाटतो की पडतोय? तो काय करतोय ते कळतं का? मग चित्र आरशात बघा किंवा मोबाइलवर फोटो काढून उलटा करा. उलट्या चित्रात मेंदूची सवय मोडते आणि एका बाजूला झुकलेली फिगर लगेच डोळ्यात भरते. उजव्या हाताने काढणाऱ्यांच्या फिगर अनेकदा एकाच ठरावीक दिशेला कलतात. तीन-चार चित्रं उलटी पाहिली की तुमची दिशा कोणती ते समजेल.

त्यानंतर मोजणी. संबंध उत्तरातला हा भाग सगळ्यात उपयोगी आहे, म्हणून एक उदाहरण नीट घेऊ.

हाफपँट आणि टीशर्ट घातलेला तरुण समोरून उभा आहे, वजन उजव्या पायावर, डावा गुडघा सैल. फोटोची प्रिंट काढली आहे. प्रिंटवर टाळूपासून टाचेपर्यंत २१ सेंटीमीटर, डोकं २.९ सेंटीमीटर. म्हणजे फिगर सव्वासात डोक्यांची. तुमचं चित्र २४ सेंटीमीटरचं, त्यात डोकं ३.८. म्हणजे जेमतेम सव्वासहा डोकी. पाय आखूड वाटत होते, म्हणून नेहमीप्रमाणे 'पुढच्या वेळी पाय लांब काढायचे' असं ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो. पण थांबा, तुकडे मोजा. प्रिंटवर टाळूपासून जांघेपर्यंत १०.६ सेंटीमीटर, चित्रात १३.२. चित्र प्रिंटच्या १.१४ पट आहे (२४ भागिले २१), तेव्हा प्रिंटचं प्रत्येक माप १.१४ ने गुणून चित्राशी ताडा. डोकं ३.३ हवं होतं, ३.८ झालं: अर्धा सेंटीमीटर जास्त. हनुवटीपासून जांघेपर्यंतचं धड ८.८ हवं होतं, ९.४ झालं: सहा मिलिमीटर जास्त. पाय ११.९ हवे होते, १०.८ झाले: अकरा मिलिमीटर कमी. पाच आणि सहा अकरा. पायांची चूक पायात नाहीच. ती डोक्यात आणि धडात झाली, पायांनी नुसती भरपाई केली. डोक्यापासून सुरुवात करून त्यात डोळे-नाक रंगवत बसलं आणि मग खाली उरलेल्या कागदात माणूस बसवला की हे असंच होतं.

आता तिरके बघा. प्रिंटवर दोन्ही खांद्यांच्या टोकांना जोडणारी रेषा काढा, आणि पँटच्या कमरेखाली जाणवणाऱ्या कमरेच्या पुढच्या दोन हाडांना जोडणारी दुसरी. खांदे आडव्या रेषेपासून ९ अंश कललेले, कंबर १२ अंश विरुद्ध दिशेला. चित्रात हेच कोन ३ आणि ४. फिगर ताठ का दिसते याचं उत्तर एवढंच आहे. आपला डोळा प्रत्येक तिरक्या रेषेला आडवी किंवा उभी करायला बघतो. ताठपणा घालवायला 'मोकळेपणाने काढा' असा सल्ला सर्रास दिला जातो; त्याने रेष मोकळी होते, कोन तसेच राहतात. कोनच मोजले पाहिजेत.

शेवटी ओळंबा. गवंडी लावतो तसाच, दोऱ्याला जड नट बांधून. गळ्याखालच्या खळग्यातून सरळ खाली रेष सोडा. एका पायावर वजन घेऊन, कशालाही न टेकता उभ्या असलेल्या माणसात ती वजनाच्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडते. प्रिंटवर ती तिथेच पडली आहे. चित्रात ती दोन पायांच्या मधोमध, घोट्यापासून दीड सेंटीमीटर दूर पडली, म्हणून माणूस कोलमडतोय असं वाटतं. वजन ज्या पायावर, त्या बाजूची कंबर वर जाते आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या पोझमध्ये उजवी कंबर वर, उजवा खांदा खाली. धडाची उजवी बाजू चेपलेली, डावी ताणलेली. टीशर्टच्या सुरकुत्या उजव्या बगलेखाली का जमल्या आहेत तेही इथेच कळतं.

आता दुसऱ्यांदा काढताना क्रम बदलतो. कागदावर आधी टाळू आणि टाच यांच्या दोन खुणा, २४ सेंटीमीटर अंतरावर. मधोमध, किंवा किंचित खाली, जांघेची खूण. वरच्या अर्ध्यात ३.३ चं डोकं नुसतं अंड्यासारखं. मग गळ्याचा खळगा, तिथून ओळंबा, ओळंब्याच्या तळाशी उजवा पाय रोवायचा. त्यानंतर कमरेचा तिरका, मग खांद्याचा, आणि दोन्ही १२ आणि ९ ऐवजी मुद्दाम १५ आणि १२ अंशांनी. डोळा तिरके सपाट करतोच, म्हणून सुरुवातीला थोडी अतिशयोक्ती केली की शेवटी बरोबर जागी येतं. चेहरा शेवटच्या तीन मिनिटांत. या खेपेला फिगर उभी राहील.

मोजून काढलं की चित्र निर्जीव होतं अशी तक्रार ऐकू येते. मोजायचं ते काढून झाल्यावर. पाच मिनिटांच्या पोझमध्ये डोळ्याने काढा, मग मोजून डोळ्याला सांगा कुठे फसलास. काही महिन्यांनी डोळाच पट्टीचं काम करू लागतो.

प्रत्यक्ष मॉडेल असेल तर प्रिंट नसते, पेन्सिलनेच मापं घ्यावी लागतात. हात कोपरात पूर्ण सरळ, एक डोळा मिटलेला, आणि पेन्सिल नजरेशी काटकोनात. मधल्या हवेत एक काच उभी आहे आणि पेन्सिल त्या काचेला चिकटून फिरते असं समजा. माप चुकतं ते दोन कारणांनी: कोपर थोडा वाकतो, किंवा तिरका हात मोजताना पेन्सिलही त्या हातासारखी पुढे-मागे झुकते. कोन घ्यायला तीच पेन्सिल घड्याळाच्या काट्यासारखी धरा. 'मांडी चाराच्या काट्यावर' असं मनाशी म्हटलं तर कागदाकडे नजर नेईपर्यंत तो कोन लक्षात राहतो. उभ्या मॉडेलपासून १२ ते १५ फूट लांब बसा. सहा फुटांवरून पाहिलं तर चेहरा समोरून आणि पाय वरून दिसतात, एका नजरेत माणूस मावत नाही. डोकं मोजताना केस दगा देतात. फेटा, पागोटं, अंबाडा, कुरळे केस असतील तर हनुवटीपासून डोळ्यांच्या रेषेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. डोळे डोक्याच्या मधोमध असतात.

मापं पाठ असावीत, पण साच्यासारखी वापरू नयेत. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी; आठ डोक्यांचं प्रमाण आदर्श शरीराचं, पौराणिक चित्रांत आणि फॅशनच्या रेखाटनात शोभतं, रिक्षा स्टँडवरच्या माणसाला नाही. वर्षाचं मूल सुमारे चार डोकी. हात खाली सोडला की कोपर कमरेच्या बारीक भागाशी, मनगट जांघेच्या पातळीला, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. पंजा हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या भागापर्यंत पोचतो. हात आणि पाऊल दोन्ही शिकणाऱ्यांकडून हमखास लहान काढले जातात. चित्र घाईत संपवताना टोकं आक्रसतात. खुर्चीवर ताठ बसलेला माणूस टाळूपासून बैठकीपर्यंत चार डोक्यांच्या जवळपास. मांडी घालून बसला तरी उंची तेवढीच, आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतची रुंदी तीन ते चार डोकी. मांडी घातलेला माणूस त्रिकोणात बसतो हे लक्षात ठेवलं तर पंगत, भजनी मंडळ, बाजारातला भाजीवाला असे सगळेच सोपे होतात.

महाराष्ट्रात शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना एक जादा अडचण असते. स्मरणचित्रासाठी चार-सहा फिगर घोटून घोटून पाठ केलेल्या असतात: घागर घेतलेली बाई, पाठमोरा शेतकरी, बसलेला मुलगा. परीक्षेला त्या उपयोगी पडतात. पण पुढे समोर खरा माणूस बसवला तरी हात त्याच पाठ फिगरकडे वळतो. आपल्या चित्रातल्या पाच वेगळ्या माणसांचे खांदे, कोपर, पावलं एकाच वळणाची दिसत असतील तर तुम्ही पाहून काढत नाही, आठवून काढताय. यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे रिकाम्या जागा काढणं. कमरेवर हात ठेवला की हात आणि धड यांमध्ये त्रिकोणी पोकळी तयार होते. हात न काढता ती पोकळी काढा. तिचा आकार कोणी पाठ केलेला नसतो, म्हणून डोळ्याला बघावंच लागतं.

ताठपणाचं दुसरं कारण

कोन दुरुस्त करूनही हातपाय कधी कधी नळीसारखे किंवा फुगलेल्या फुग्यासारखे दिसतात. कारण दोन्ही बाजूंचे फुगवटे समोरासमोर काढले जातात. शरीरात तसं जवळजवळ कुठेच नसतं. पोटरीच बघा, आरशात किंवा घरातल्या कुणाची, समोरून. बाहेरच्या बाजूचा फुगवटा वर असतो, आतल्या बाजूचा त्याहून खाली. खाली घोट्याकडे आलात की उलट: आतला घोटा वर, बाहेरचा खाली. म्हणजे गुडघ्याखालचा पाय एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला असा वळत खाली जातो. एवढं एक निरीक्षण पक्कं केलं तरी पायांत जीव येतो. दंडावर, मांडीवर, कोपराखालच्या हातावर हीच गंमत आहे. तपासताना प्रत्येक अवयवाच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्यात फुगीर जागा टिंबांनी दाखवा आणि जोडा. जोडरेषा अवयवाला सरळ आडवी छेदत असेल तर ते काढणं फोल आहे, तिरकी गेली पाहिजे.

अ‍ॅनाटॉमीची जाड पुस्तकं घेऊन स्नायूंची नावं पाठ करण्याची घाई नको. आधी कातडीखाली थेट जाणवणारी हाडं ओळखा, कारण माणूस जाड असो की बारीक, ती जागा सोडत नाहीत: गळ्याखालचा खळगा, कॉलर बोन, खांद्याचं टोक, मानेमागे वर आलेला मणका, फऱ्याची (खांद्यामागच्या पसरट हाडाची) कड, कोपर, मनगटाचा करंगळीकडचा उंचवटा, कमरेची पुढची दोन हाडं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला वर लागणारं हाड, गुडघ्याची वाटी, घोटे. आपल्याच अंगावर बोटाने चाचपून बघा. मग रोजच्या तीन पाच-मिनिटी पोझपैकी एकीत या जागा टिंबांनी मांडून मगच रेषा जोडा. छातीचा पिंजरा आणि कंबर ही दोन कडक खोकी, आणि मधलं पोट लवचिक. सगळी हालचाल त्या मधल्या भागात होते. दोन खोक्यांपैकी कुठलं कुणीकडे वळलंय हे न ठरवता काढलेलं धड नेहमी पोत्यासारखं दिसतं.

हातांना सुरुवातीला बोटं देऊ नका. अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र, अशा पिशवीसारख्या हातमोज्याचा आकार काढा, मग त्यात बोटांच्या पेरांच्या कमानी. पाठीमागून पाहिलं तर मधलं बोट पंज्याच्या निम्म्याएवढं लांब दिसतं. तळव्याकडून तेच आखूड दिसतं, कारण बोटांमधली कातडी पुढे येते. हा फरक न कळल्याने तळहात चिमुकले आणि बोटं लांबलचक निघतात.

समोरून आखूड दिसणारे अवयव, म्हणजे फोरशॉर्टनिंग, इथे सगळेच अडखळतात. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाची मांडी लांब असते हे आपल्याला ठाऊक असतं आणि ते ठाऊक असणंच आड येतं. कागदावर डोकं ३ सेंटीमीटर असेल तर दिसणारी मांडी दीड-दोन सेंटीमीटरचीही असू शकते. मोजा आणि विश्वास ठेवा. लांबीपेक्षा रुंदी आणि झाकाझाकी महत्त्वाची: गुडघा पुढे, तो मांडीला झाकतो, मांडी पोटाला झाकते. पुढच्या आकाराची रेष सलग, मागच्या आकाराची रेष तिला येऊन थांबते. हे थांबण्याचे टी आकाराचे सांधे चित्रात किती आहेत ते मोजा. बाहेरून एकच अखंड रेष फिरवली असेल तर माणूस कागदातून कापून काढल्यासारखा सपाट दिसणार.

कपड्यांबद्दल थोडकंच. सुरकुती कुठून तरी निघते: खांद्याचं टोक, कोपर, कमरेचं हाड, गुडघा. ती ओढ सापडली नाही तर नुसत्या रेघोट्या होतात. गोल साडी पाय पूर्ण झाकते, म्हणून आधी दोन्ही पाय फिके काढून मग निऱ्या सोडा. नऊवारीत काष्टा मागे खोचलेला असल्याने दोन पाय वेगळे दिसतात आणि ओढीच्या रेषा स्पष्ट मिळतात. सरावाला ती गोल साडीपेक्षा चांगली, धोतराइतकीच. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतली रेखाटनं यासाठी पुन्हा पुन्हा बघावीत. ती उतरवून काढताना शेडिंग सोडून द्या. लुगड्याखालची कंबर कुणीकडे कलली आहे आणि वजन कुठल्या पायावर आहे एवढंच उतरवा.

फोटो, आणि खरी माणसं

फोटोवरून सराव वाईट नाही, पण मोबाइल खोटं बोलतो. त्याचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो. पाच फुटांवरून उभ्या माणसाचा फोटो काढला तर कॅमेऱ्याच्या पातळीजवळचं फुगतं, लांबचं आक्रसतं. डोक्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पाय आधीच आखूड असतात आणि तुम्ही ते इमानाने उतरवता. घरच्या घरी फोटो काढायचा तर १२ ते १५ फूट मागे जा, दुप्पट झूम वापरा आणि मोबाइल पोटाच्या उंचीवर धरा. एका बाजूने येणारा खिडकीचा उजेड हवा. फ्लॅशमध्ये सगळे उंचसखल भाग पुसले जातात. तुमचं चित्र तपासण्यासाठी फोटो काढतानाही तेच: चित्र भिंतीवर, मोबाइल समोर सरळ आणि थोडा लांबून. तिरक्या फोटोवर घेतलेली मापं फसवी.

ट्रेसिंग पेपर वापरायचा तो काढून झाल्यावर. प्रिंट चित्राच्या आकाराची करून घ्या, ट्रेसिंगवर फक्त हाडांच्या जागांची टिंबं उतरवा आणि टाच टाचेवर जुळवून चित्रावर ठेवा. कुठलं टिंब किती सरकलं ते लाल पेनने बाणाने दाखवा. आधी ट्रेस करून मग त्यावर रेखाटलं तर हाताला रेघ मिळते, डोळ्याला काहीच मिळत नाही.

आठवड्यातून किमान दोन दिवस खरी माणसं काढा. घरात पेपर वाचणारे आजोबा, टीव्हीपुढची मंडळी वीस-पंचवीस मिनिटं सहज एका जागी असतात. कुणाला मुद्दाम बसवलं तर २० मिनिटांनी पाच मिनिटं विश्रांती द्या, आणि उठण्याआधी जमिनीवर पावलांभोवती खडूने रेघ मारा, नाहीतर परत बसल्यावर पोझ तीच राहत नाही. बाहेर, एसटी स्टँडवर किंवा बाजारात, पुन्हा पुन्हा तीच हालचाल करणारी माणसं शोधा: इस्त्रीवाला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालवणारा, पोळ्या लाटणारी बाई. एका पानावर एकदम चार फिगर सुरू करा, हालचालीचा एकेक टप्पा एकेका फिगरला. हात पुन्हा त्या टप्प्यावर आला की त्या फिगरमध्ये भर घाला. लोकलमध्ये समोरचा कधी उतरेल सांगता येत नाही, तिथे डोकं-खांदे-कंबर एवढंच तीस सेकंदांत. कोणी अवघडलं तर वही मिटा. कोल्हापूर-सांगलीकडे असाल तर वस्तादांना विचारून तालमीत बसा. लंगोटातले मल्ल, मातीत रोवलेले पाय, सतत बदलणारं वजन, फिगर ड्रॉइंगला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

चुकांची वही

दोन ओळींची नोंद रोज करायची असं वर म्हटलं. ती भावनेची नको. 'आज बरं जमलं नाही' याचा उपयोग शून्य. नोंद अशी: 'उभी फिगर, डोकं ५ मिमी मोठं, कंबर १२ ऐवजी ४ अंश, उजवं पाऊल लहान.' चौदा दिवसांनी वही चाळली की तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांतली सगळ्यात वरची, म्हणजे मोठ्या आकाराची, एकच निवडा आणि पुढचे दोन आठवडे तपासणीत फक्त तिच्यावर लाल पेन चालवा. बाकीच्या दिसल्या तरी सोडून द्या. एकाच वेळी दहा चुका सुधारायला गेलं की हात आखडतो आणि पाच मिनिटांच्या पोझमध्ये तीन रेषाही धड निघत नाहीत. निवडलेली चूक सलग पाच दिवस ठरवलेल्या मर्यादेत आली, उदाहरणार्थ डोकं दोन मिलिमीटरच्या आत, की पुढची घ्या. जुनी परत डोकावते, तेव्हा एक आठवडा तिला पुन्हा द्या.

आणखी एक सवय लावा. काढल्या काढल्या लगेच तपासलं तर हाताने जे करायचं मनात होतं तेच डोळ्याला दिसतं. रोजच्या तपासणीत पट्टी असल्याने ते चालून जातं; पण रविवारी एकदा आठवडाभराचे कागद जमिनीवर पसरून नुसते बघा. आठ दिवसांत चित्र थोडं परकं होतं. दुसऱ्या कुणाला दाखवायचं तर 'कसं आहे?' विचारू नका, त्यावर 'छान' हेच उत्तर येतं. 'हा माणूस कुठल्या पायावर उभा आहे?' असं विचारा. चित्र न शिकलेल्या माणसालाही ते सांगता येतं, आणि तो अडखळला तर ओळंबा चुकला.

मध्येच एक काळ असा येतो की तुमची चित्रं अचानक वाईट दिसू लागतात. हात बिघडलेला नसतो. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात अजून मागे असतो. याच टप्प्यावर पुष्कळ जण सोडून देतात. चुकांच्या वहीतले आकडे त्या दिवसांत आधार देतात: चार महिन्यांपूर्वी डोकं पाच मिलिमीटर मोठं येत होतं, आज दीड येतंय. कागद बघून वाईट वाटलं तरी आकडा पुढे सरकलेला असतो.

हे पडताळायला तीन पोझ बाजूला काढून ठेवा: एक उभी, एक बसलेली, एक समोरून आखूड दिसणारी. त्यांचा एरवी सराव करायचा नाही, पाकिटात घालून ठेवायच्या. दर चार आठवड्यांनी त्याच तीन, त्याच आकारात, दहा-दहा मिनिटांत काढा, तारीख घाला, मापं लिहा. कागद सपाट ठेवा, चारकोल असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पुढच्या महिन्यापर्यंत रेषा पुसट होऊन ताडायला काही उरत नाही.